कान दौंडला, माणूस मुंबईत

आजच्या भागाचं निमित्त चंदीगडहून आलेलं एक पत्र आहे. लिहिणारे गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. त्यांना रेडिओ ऐकण्याचा नाद आहे. नुसत्या आकाशवाणीचा नव्हे, तर स्कॅनरचा. स्कॅनर म्हणजे एकामागून एक लहरी चाळत जाणारा आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबणारा रेडिओ. घर तीन मजली, हे राहतात तळमजल्यावर. अँटेना लावायची तर ती गच्चीवर, ममटीच्या डोक्यावर. जिना जिथे गच्चीवर उघडतो त्या छोट्या खोलीला तिकडे ममटी म्हणतात. तिथपासून खालच्या खोलीपर्यंत वळणं घेत येणारी तार तीस मीटर भरते. त्यांचा प्रश्न असा, की अँटेनानं वर पकडलेलं घरातल्या वाय-फायवरून खाली आणता येईल का? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, की ही कल्पना अगदी आत्ताची असणार, तरी इतिहासात काही सापडलं तर सांगा.

सापडलं. आणि फार लांब नाही, दौंडला.

दौंड म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं. गाडी थांबते, चहा येतो, मनमाडची लाईन फुटते. पण १९२७ साली या दौंडजवळ हिंदुस्थानचा एक कान बसवलेला होता. उंच पोलादी मनोरे, त्यांच्यावर तारांचे पडदे, आणि त्या सगळ्यांचं तोंड वायव्येकडे, म्हणजे इंग्लंडकडे. दौंडनं ऐकायचं आणि खडकीनं बोलायचं, अशी वाटणी होती. खडकी म्हणजे पुण्याची खडकी, लष्कराची. तिथे प्रक्षेपण केंद्र. समोर इंग्लंडातही अशीच जोडी होती, ग्रिम्सबीजवळ बोलणारं केंद्र आणि स्केगनेसजवळ ऐकणारं. सप्टेंबर १९२७ मध्ये ही सेवा सुरू झाली. नाव होतं बीम वायरलेस.

यामागची गोष्ट थोडी सांगायला हवी. पहिल्या महायुद्धाआधीपासून ब्रिटिश सरकारच्या डोक्यात साम्राज्यभर बिनतारी संदेशांची साखळी उभारायचं होतं. तेव्हाचं शहाणपण असं, की जितका लांबचा पल्ला, तितकी लांब लहर आणि तितकं प्रचंड यंत्र. हजारो मीटरच्या लहरी आणि शेकडो किलोवॉट वीज. खर्च ऐकूनच वसाहतींची सरकारं मागे सरत. मग मार्कोनी आणि त्याचा अभियंता फ्रँकलिन यांनी उलटी वाट धरली. त्यांनी लहर छोटी केली, काही दहा मीटरांची, आणि ती चहूकडे उधळण्याऐवजी तारांच्या पडद्यानं एकाच दिशेला झोत टाकावा तशी टाकली. वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर अशा लहरींना परत खाली वळवतो, त्यामुळे ती पृथ्वीच्या गोलाईवरून उड्या मारत जाते. दिवसा एक लहर चालते, रात्री दुसरी. १९२४ साली करार झाला आणि त्यात अट होती मिनिटाला शंभर शब्दांची. एवढा वेग माणसाच्या कानाला झेपत नाही. पलीकडे छिद्रं पाडलेली कागदी फीत यंत्रातून धावायची, अलीकडे दुसरं यंत्र फितीवर शाईची नागमोडी रेघ काढायचं, आणि तारबाबू ती रेघ वाचून टंकायचा.

आता खरी गंमत. तो तारबाबू दौंडला बसलेला नव्हता. तो मुंबईत होता. व्यापार मुंबईत, कापसाचे भाव मुंबईत, तारा करणारी पेढी मुंबईत. मग अँटेना मुंबईतच का नाही लावली? कारण मुंबई गोंगाटाची होती. ट्राम, गिरण्यांच्या मोटारी, बंदर. विजेची प्रत्येक ठिणगी ही रेडिओच्या भाषेत एक किंकाळी असते. आणि खडकीलाच ऐकण्याचंही केंद्र का नाही? कारण खडकीचं प्रक्षेपक यंत्र शेजारी बसून ओरडत असताना इंग्लंडहून आलेली कुजबुज कशी ऐकू येणार? म्हणून बोलणारं एकीकडे, आणि ऐकणारं तिथून रेल्वेनं ऐंशीएक किलोमीटरवर, मोकळ्या माळावर. दोन्ही ठिकाणांहून तारा घाट उतरून मुंबईला. मुंबईत बोट दाबलं की खडकीचं यंत्र चालायचं आणि दौंडला आलेलं मुंबईत कागदावर उमटायचं.

समुद्राखालची केबल मुंबईला १८७० पासून होती. तिच्या मालकांना हा स्वस्त प्रतिस्पर्धी इतका झोंबला की १९२८ मध्ये लंडनला परिषद भरवावी लागली आणि केबलवाले व बिनतारीवाले एकाच कंपनीत कोंबले गेले. ती पुढे केबल अँड वायरलेस झाली. इकडची व्यवस्था स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जानेवारी १९४७ ला, सरकारनं ताब्यात घेतली. तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली आणि १९८६ मध्ये तिचीच व्हीएसएनएल. ज्यांनी नव्वदीच्या दशकात टेलिफोन लाईनवरून इंटरनेट लावताना मोडेमची ती कर्कश शिट्टी ऐकली आहे, त्यांनी त्या घराण्याशी व्यवहार केलेला आहे.

तर चंदीगडच्या गृहस्थांनी जो प्रश्न विचारला, तो दौंडच्या अभियंत्यांपुढे आधीच होता. कान शांत जागी हवा आणि माणूस सोयीच्या जागी. मधलं अंतर कसं काढायचं? याला दोन उत्तरं आहेत, आणि पुढची सगळी गोष्ट त्या दोन उत्तरांचीच आहे. मी त्यांना डबा आणि शिधा म्हणतो.

डबा म्हणजे अँटेनापाशीच स्वयंपाक करून टाकायचा. लहर पकडायची, तिच्यातला मजकूर तिथेच काढायचा आणि फक्त मजकूर पुढे पाठवायचा. दौंडनं हेच केलं. आकाशातली सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरणारी लहर दौंडलाच उतरवली जायची, मुंबईला जायचे ते नुसते ठिपके आणि रेघा. साध्या तारेला तेवढं ओझं सहज पेलतं. शिधा म्हणजे जे पकडलं ते सगळं कच्चं, न निवडता, पुढे धाडायचं आणि शिजवायचं ते घरी. ओझं प्रचंड. पण फायदा असा, की उद्या वाटलं तर त्याच शिध्यातून वेगळा पदार्थ करता येतो. डब्यात एकदा भेंडीची भाजी आली की तिचं वरण होत नाही.

आता त्या घरातला हिशेब करू. आधी तार. आर.जी.-५८ जातीची साधी तार घेतली आणि ऐकायचं ते ४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचं असेल, तर तीस मीटरमध्ये दहातला जेमतेम एक भाग खाली पोचतो. बाकीचे नऊ तारेत उष्णता होऊन जातात. टीव्हीला वापरतात ती जाड आर.जी.-६ बरी, तरी तीही निम्म्याहून बरंच अधिक खाते. म्हणजे वर अँटेना कितीही उत्तम लावा, तार ते खाऊन टाकते. त्यामुळे रेडिओच वर नेण्याची त्यांची कल्पना मुळात योग्य आहे.

वर न्यायला हल्ली फार काही लागत नाही. २०१२ च्या सुमाराला हौशी मंडळींच्या ध्यानात आलं की संगणकावर टीव्ही बघायला मिळणाऱ्या एका स्वस्त डोंगलमधली रिअलटेकची चिप अँटेनाकडून आलेले कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर देऊ शकते. मूळ काम टीव्हीचं, पण तिला टीव्ही विसरायला लावलं की बोटाएवढ्या वस्तूचा मोठ्या पल्ल्याचा रेडिओ होतो. एफएमपासून सेलफोनच्या लहरींपर्यंत साधारण सगळा पट्टा. त्याच वर्षी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणकही आला. दोन्ही एकत्र जोडून ममटीत ठेवले की वरचं केंद्र तयार.

पण वाय-फायवरून शिधा पाठवायचा की डबा? शिध्याचं ओझं मोजा. हा डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेतो, प्रत्येक नमुन्यात दोन आकडे, प्रत्येक आकडा आठ बिटांचा. गुणाकार केला की सेकंदाला ३ कोटी ८४ लाख बिट. हे अखंड, श्वास न घेता. मध्ये सळयांचे दोन-तीन स्लॅब, शेजाऱ्यांची दहा वाय-फाय, घरातली पोरं मोबाईलवर. कागदावर वाय-फायचा वेग याहून मोठा असतो, पण प्रत्यक्षात मधूनच गचका बसतो आणि आवाज तुटतो. याउलट वरच्या संगणकातच बोलणं उलगडून फक्त आवाज पाठवला, तर अगदी न दाबलेला आवाजसुद्धा सव्वा लाख बिटांच्या आसपास बसतो. तीनशे पट हलका. म्हणून माझं उत्तर दौंडचं आहे: डबा पाठवा. चॅनेल बदलायचा हुकूम खालून वर जाऊ द्या, आवाज वरून खाली येऊ द्या. पट्टा चाळून बघायची हौस असेल आणि शिधाच हवा असेल, तर वाय-फायचा हट्ट सोडा आणि नेटवर्कची तार ओढा. त्या तारेत आकडे जातात, त्यामुळे तीस मीटरमध्ये काहीच गळत नाही.

दोन बारीक गोष्टी. चंदीगडच्या मे महिन्यात ममटीची भट्टी होते, तेव्हा संगणक सावलीत आणि हवेशीर ठेवा, आणि अँटेनाच्या दांड्याला विजेसाठी भुई-जोडणी द्या. दुसरं म्हणजे स्वस्तातला चार्जर लावू नका. तो स्वतःच खरखर ओततो. वाय-फायचा रेडिओसुद्धा अँटेनाला खेटून नको. खडकी आणि दौंड एकमेकांपासून लांब ठेवली होती, तेच कारण.

आणि एक मोठी गोष्ट, जी कुणी हौशी माणूस आधी विचारत नाही. ऐकायचं काय? आपल्याकडे ऐकणं हे कधीच नुसतं ऐकणं नव्हतं. १९३३ साली इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट झाला आणि परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला, मग ते बोलणारं असो की नुसतं ऐकणारं. आपल्या आजोबांच्या रेडिओला पोस्टात जाऊन दरवर्षी परवाना काढावा लागायचा, तो याच विचारातून. घरगुती रेडिओचा तो परवाना पार ऐंशीच्या दशकात जाऊन सुटला.

सरकारला भीती कशाची होती ते १९४२ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि महिनाअखेरीला मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. ही मंडळी जागा बदलत राहायची, कारण पोलिसांच्या गाड्या दिशा शोधणाऱ्या अँटेना घेऊन शहरभर फिरत होत्या. एका ठिकाणाहून दिशा घ्यायची, दुसऱ्या ठिकाणाहून दिशा घ्यायची, दोन रेषा जिथे छेदतात तिथे दार ठोठवायचं. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात ते दार सापडलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच काळात सरकार स्वतः मात्र जगभरचं ऐकत बसलं होतं. परदेशी प्रसारणं ऐकून नोंदवणारं केंद्र सिमल्याच्या डोंगरात होतं. चंदीगडहून कालका ओलांडून वर चढलं की सिमला, म्हणजे आमच्या पत्रलेखकांच्या परसदारातच म्हणा ना.

आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घ्यायला आलेला आहे, पण लहरींवर शासनाची नजर असणं हे काही बदललेलं नाही. चंदीगडचा विमानतळ हा हवाई दलाचाही तळ आहे, आणि शेजारी चंडीमंदिरला लष्कराचं पश्चिम मुख्यालय. तिथलं बोलणं पकडून घरभर वाय-फायवर खेळवणं ही गंमत नाही, संकट आहे. पोलिसांचंही तेच. सर्वांसाठी म्हणून जे आकाशात सोडलेलं असतं ते ऐका: आकाशवाणी, हॅम मंडळींचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८०० वर अधूनमधून येणारा हॅमचा आवाज. आणि हॅमची परीक्षा देऊन रीतसर परवाना काढा, म्हणजे नियम शिकवणारी आणि वेळेला उभी राहणारी माणसंही मिळतात. वाय-फायला कुलूप लावा हे वेगळं सांगायला नको. एकदा तुमच्या अँटेनाचा आवाज नेटवर्कवर आला, की तो ऐकणारे तुम्ही एकटेच असाल याची खात्री तुम्हालाच करावी लागते.

डब्याचं झालं. आता शिध्याकडे येतो. मला स्वतःला या गोष्टीचा हाच भाग अधिक आवडतो.

१९६५ साली कल्याणजवळ बत्तीस छोट्या तबकड्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी सहा फुटांची. त्या ऑस्ट्रेलियातल्या. सिडनीजवळ पॉट्स हिलला त्यांनी सूर्याचं निरीक्षण केलं होतं आणि जुन्या झाल्यावर ऑस्ट्रेलियानं त्या भारताला देऊन टाकल्या. आणणारे गोविंद स्वरूप. पन्नाशीच्या दशकात तरुणपणी ते तिथेच शिकले होते. होमी भाभांनी बोलावलं म्हणून १९६३ मध्ये अमेरिकेहून परतून टीआयएफआरमध्ये आले. भारताची पहिली रेडिओ दुर्बीण ती ही, आपल्या कल्याणची. लोकल पकडायच्या घाईत कुणाला ठाऊकही नसतं.

बत्तीस कान एकच आवाज ऐकतात तेव्हा वेगळाच पेच पडतो. प्रत्येक कानाकडून येणाऱ्या तारेची लांबी सारखी नसते. लांबी सारखी केली तरी ऊन पडलं की एक तार फुगते, दुसरी सावलीत राहते. लहर मधल्या तारेतच मागेपुढे होते आणि बत्तीस जणांचा एकसूर बिघडतो. म्हणजे तार नुसती गळत नाही, ती खोटंही बोलते. स्टॅनफर्डला असताना स्वरूप आणि यांग यांनी यावर १९६१ मध्ये उपाय मांडला. मध्यवर्ती जागेवरून तारेत एक संकेत सोडायचा, अँटेनाच्या टोकाशी तो परतवायचा, आणि जाऊन येण्यात किती उशीर झाला ते मोजायचं. तारेनं किती खोटं सांगितलं हे तारेलाच विचारून घ्यायचं. जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी पुढे ही युक्ती वापरली.

हेच स्वरूप १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारतात आणि ऐंशीच्या दशकात जुन्नर तालुक्यात येतात. नारायणगावजवळ खोडद. तमाशाच्या राहुट्यांचं, द्राक्षांचं, टोमॅटोच्या बाजाराचं गाव शेजारी. जवळच आर्वीला १९७१ पासून उपग्रहाशी बोलणारी मोठी तबकडी होतीच, तीही त्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्सची. म्हणजे दौंडचं घराणं इथेही आधी पोचलेलं. चारही बाजूंनी डोंगर, मोठी शहरं दूर, वारा बेताचा आणि पुणं ऐंशी किलोमीटरवर. कान ठेवायला याहून चांगली जागा कुठली?

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, यात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी एकमेकींजवळ, सोळा तीन फाट्यांवर विखुरलेल्या, आणि टोकाच्या दोघींत अंतर २५ किलोमीटर. तबकडी म्हणजे भरीव भांडं नाही. पोलादी दोरखंडांवर ताणून बसवलेली तारेची जाळी. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. रानातून जाताना दुरून पाहिलं तर कुणी उलटी छत्री विसरून गेल्यासारखी दिसते.

आणि तीसही ठिकाणांहून जे येतं ते सगळं शिधा. अँटेनापाशी शिजवायचं नाही. तेव्हा नवीन असलेली काचतंतूंची तार जमिनीखालून टाकली. प्रत्येक तबकडीपाशी एक लेसर, आणि आकाशातून आलेल्या लहरीप्रमाणे त्याचा उजेड कमीजास्त होतो. आकड्यांत रूपांतर करायचं ते मध्यवर्ती इमारतीत, अँटेनापाशी नाही, कारण आकडेमोड करणारी यंत्रं स्वतः खरखर करतात. घड्याळाचा ठेकाही त्याच तंतूंतून मध्यातून बाहेर जातो, म्हणजे तिसांचा ताल एक राहतो. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चौदा किलोमीटर आले म्हणजे सत्तर मायक्रोसेकंद उशीर. तेवढा प्रत्येकीचा हिशेब ठेवून मग तीस जणींचं एकमेकींशी जुळवून बघतात.

इथे वाय-फाय का चालणार नाही ते कळतं. हायड्रोजनची लहर सेकंदाला १४२ कोटी वेळा थरथरते. वाय-फायमध्ये एखादं पाकीट एक मिलिसेकंद उशिरा आलं तर आपल्याला बोलण्यात जाणवतही नाही. पण तेवढ्यात ती लहर चौदा लाख वेळा हललेली असते. मधल्या वाहनावर विसंबायचं नसेल तर दुसरा उपाय म्हणजे नमुन्यांवर अणुघड्याळाची वेळ छापून ते साठवायचे आणि सावकाश न्यायचे. कृष्णविवराचं जे चित्र २०१९ मध्ये जगानं पाहिलं, त्याचा शिधा अक्षरशः विमानानं गेला होता. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा सरेपर्यंत वाट बघावी लागली.

शिधा ठेवल्याचा फायदा खोडदला १९ ऑक्टोबर २०१६ ला दिसला. युरोपचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॉटचा क्षीण आवाज कोट्यवधी किलोमीटरवरून नासाच्या साथीनं खोडदला ऐकला जात होता. यान खाली येत होतं, आवाज येत होता, आणि पृष्ठभागाला टेकायच्या जरा आधी तो थांबला. यान आपटलं होतं. पण ऐकलेलं सारं कच्च्या स्वरूपात हाताशी होतं, त्यामुळे नेमकं काय, कधी बिघडलं याच्या शोधात तो एक साक्षीदार झाला. पुढे दुर्बिणीची सुधारणा झाली. एकावेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झचा ऐकू लागली. २०२३ च्या जूनमध्ये विश्वभर चाललेल्या अतिसावकाश गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं, त्यातही खोडदच्या पल्सार-नोंदी होत्या.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे, खोडदच्या शांततेवर. आणि ती स्वस्त नाही. दौंड निवडलं तेव्हा माळ मोकळा होता, कुणाला काही सोडावं लागलं नसेल. जुन्नरचं तसं नाही. मोबाईलचे मनोरे आले, कारखाने मागितले गेले, घरोघर विजेची उपकरणं आली. दुर्बिणीचे अभियंते अँटेना घेऊन खरखरीचा उगम शोधत फिरतात, आणि बऱ्याचदा तो निघतो विजेच्या खांबावरच्या सैल सांध्यात, जिथे ठिणगी उडत असते. एकेकाळी मुंबईत गाड्या फिरल्या त्या बोलणाऱ्याला पकडायला. इथे त्या फिरतात सांधा घट्ट करून घ्यायला.

सांधा घट्ट होतो. रेल्वेचं काय? पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आधीची आखणी नारायणगावच्या बाजूनं होती. विजेची गाडी धावताना वरच्या तारेशी ठिणग्या उडतात, म्हणजे पुन्हा तीच किंकाळी, दिवसातून कितीतरी वेळा. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून रेल्वेनं तो मार्ग सोडायचं ठरवलं, आणि नारायणगाव, मंचर, जुन्नरकडची माणसं रागावली. माल लवकर पोचावा, मुलांनी पुण्याला शिकून संध्याकाळी घरी यावं, यासाठी ती वर्षानुवर्षं गाडीची वाट बघतायत. मला विचाराल तर दुर्बीण हलवणं अशक्य आहे आणि तिचं ऐकणं थांबू नये. पण तिथल्या शेतकऱ्याला 'देशासाठी शांत राहा' एवढंच सांगून भागणार नाही. शांततेची किंमत तो मोजत असेल तर त्याला बदल्यात काय मिळणार, हे रेल्वेनं आणि सरकारनं आकड्यांत सांगायला हवं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदचं फाटक सगळ्यांसाठी उघडतं. गावोगावच्या शाळा एसटीनं येतात, पोरं आपापले प्रयोग मांडतात. जायचं असेल तर त्या सुमाराला जा. मोबाईल बंद ठेवायला सांगतात, तो खरोखर बंद ठेवा.